लीलाबल्लभ सरांचं प्रस्थान

"महिना पुरे मला," लीलाबल्लभ पौडेल सरांनी चौकातल्या चहाच्या दुकानात सगळ्यांदेखत जाहीर केलं. "महिन्याभरात चौथीचा वर्ग इंग्रजीतून शिकवून दाखवतो. नाही दाखवला तर ही टोपी पुन्हा डोक्यावर घालणार नाही."

टोपी ढाका कापडाची, चांगली नक्षीची होती आणि सरांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. तेव्हा गडी बोलतोय ते मनापासून बोलतोय, हे सगळ्यांना पटलं.

झालं होतं असं की नदीपलीकडे नवी बोर्डिंग शाळा निघाली होती. तिची पिवळी गाडी रोज सकाळी पूल ओलांडून यायची आणि आमच्या गावची पोरं भरून न्यायची. तिथे म्हणे सगळं इंग्रजीतून. पोरं घरी येऊन आईला 'मम्मी' म्हणायला लागली आणि आयांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इकडे आमची सरकारी शाळा ओस पडत चालली. शेवटी पालकांची सभा भरली आणि ठरलं की आपल्या शाळेतही इंग्रजीतून शिकवायचं. नगरपालिकेचे शिक्षण हाकिम, म्हणजे मोठे अधिकारी, येऊन एक पाठ बघणार. पाठ जमला तर शाळा टिकेल. नाही जमला, तर शाळेला कुलूप आणि चौथीच्या सरांची रवानगी धुरीखर्कला.

धुरीखर्क हा आमच्याच नगरपालिकेचा वॉर्ड. नकाशात बोटभर लांब. पायांना विचाराल तर सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचतो, तोही गुडघे शाबूत असले तर. थंडीत तिथे बादलीतलं बर्फ फोडून तोंड धुतात. सरांचे गुडघे पन्नाशीतच कुरकुरत होते. शिवाय घरामागे संत्र्याची झाडं होती, गोठ्यात दुभती म्हैस होती आणि स्वयंपाकघरात बायको यमकला होती. झाडं नेता येत नाहीत, म्हैस तो चढ चढत नाही, आणि यमकलाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तुम्हाला कुठे जायचं तिथे जा. मी या अंगणातून हलायची नाही."

तेव्हा सर हट्टाला पेटले. इंग्रजीचं पुस्तक उघडलं. पहिलाच धडा 'ॲम, इज, आर'. सरांनी तो दोनदा वाचला आणि हसले. एवढ्या मोठ्या भाषेचा पहिला उंबरठा असा बुटका? आय ॲम, यू आर, ही इज. तीन तर शब्द! संध्याकाळपर्यंत तोंडपाठ झाले.

घोडं अडलं ते शेजारी, कर्णबहादुर लाहुरेंकडे. लाहुरेदाइ, म्हणजे लाहुरेदादा, परक्या फौजेतून निवृत्त झालेले. देशोदेशी फिरलेले. त्यांचं इंग्रजी म्हणजे निम्मे हुकूम आणि निम्म्या शिव्या, पण क्रियापद कधी चुकायचं नाही. सरांनी त्यांच्या पडवीत बसून पहिलं वाक्य टाकलं.

"हेडसर आर कमिंग."

"किती हेडसर?"

"एकच."

"मग इज म्हणा मास्तर. हेडसर इज कमिंग."

सरांचा चेहरा पडला. "आणि म्हैस येत असली तर?"

"बफेलो इज कमिंग."

"म्हणजे हेडसरांना इज आणि म्हशीलाही इज?"

"तुमच्या वडिलांनासुद्धा इजच."

सर उठून उभेच राहिले. आता हा माणूस असा, की वडिलांचा फोटो भिंतीवर आहे म्हणून त्या खोलीत पाय पसरून बसत नाही. आपल्याकडे थोरामोठ्यांचं क्रियापदसुद्धा वाकून चालतं. हाकिम 'येतो' कधी? हाकिम येतात. एकटेच आले तरी चारचौघांसारखे येतात. त्याच हिशेबाने सर बिचारे मोठ्या माणसाला 'आर' लावत होते. लाहुरेदाइंनी टेबलावर मूठ आपटली. म्हणाले, इंग्रजीत राजा, बाप आणि रेडा सगळ्यांना एकच भाव, नसेल जमत तर धुरीखर्कला लोकरी मोजे लागतात, आत्ताच विणायला टाका.

सर घरी आले. रात्रभर कूस बदलली. जिभेला 'इज' म्हणता यायचं, मनाला म्हणवत नव्हतं. वडिलांच्या फोटोसमोर उभे राहून त्यांनी खूप प्रयत्न केला. 'माय फादर' पर्यंत गाडी नीट जायची आणि पुढे चाक रुतायचं. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात आपसूक जोडले गेले, आणि जोडलेल्या हातांनी शब्द निघाला. "माय फादर इज." मग काय, युक्तीच सापडली. मोठ्या माणसाला 'इज' म्हणायचं असेल तर म्हणताना नमस्कार करायचा. क्रियापदात जे कमी पडतं ते हातांनी भरून काढायचं. इंग्रजी बिनचूक आणि संस्कारही शाबूत.

त्यानंतर सरांनी घरात नुसता उच्छाद मांडला. दूध काढताना 'आय ॲम मिल्किंग, द बफेलो इज स्टँडिंग' असा जप चालायचा. म्हशीने दोन दिवस दूध चोरलं. मग सर चुलीपाशी येऊन बसले.

"यू आर कुकिंग," ते यमकलाबाईंना म्हणाले. "यू आर कटिंग मुळा. यू आर लुकिंग ॲट मी."

"मी काय करतेय ते मला माहीत आहे. तुम्ही काय करताय?"

"आय ॲम सिटिंग."

"तेच म्हणते मी," यमकलाबाई म्हणाल्या आणि मुळा त्यांच्यापुढे सरकवला.

पण हसू नका. मंसीर, म्हणजे मार्गशीर्ष, लागला, संत्री पिवळी झाली आणि सर खरोखर तयार झाले. रंगीत चित्रांचे तक्ते केले. आंबा, कुत्रा, डोंगर, म्हातारा. प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरात वाक्य. लग्नातला कोट धुऊन इस्त्री केला. पाठ होता मंगळवारी.

मंगळवार म्हटल्यावर यमकलाबाईंनी हातातलं काम टाकलं. मंगळवारी कुणी महत्त्वाच्या कामाला घराबाहेर पडतं का? त्या तडक जोशीबुवांकडे गेल्या. बुवांनी पंचांग उलटंपालटं केलं आणि सांगितलं, मंगळवारी साइत, म्हणजे मुहूर्त, नाही. साइत सोमवारी उजाडताना आहे. तेव्हा सोमवारी प्रस्थान ठेवा, बरोबर न्यायचं सामान आधीच घराबाहेर नेऊन ठेवा, म्हणजे मंगळवारी माणूस गेला तरी तो सोमवारीच निघाल्यासारखा होतो.

"अगं, प्रस्थान परगावी जाणाऱ्याचं ठेवतात," सर म्हणाले. "परदेशी जाणाऱ्याचं ठेवतात. शाळा आपल्या अंगणातून दिसते!"

"दिसते ना? मग जायचं आहे ना तिथवर?"

खरं सांगायचं तर सरही आतून टरकलेले होते. त्यांनी एक फाटकी पिशवी काढून दिली, ही ठेव म्हणाले. यमकलाबाईंनी ती परत फेकली. ज्याच्यावाचून अडतं तीच वस्तू प्रस्थानाला ठेवायची असते, देवाला काय खुळा समजलात, असं म्हणून त्यांनी लाल बॅग भरली. कोट, पँट, तक्ते, छडी, वर सुपारी आणि अक्षता. शेवटी सरांनीच नाकावरचा चष्मा काढून आत ठेवला. भक्तीला एकदा उधाण आलं की माणूस असंच करतो.

सोमवारी कोंबडा आरवताना बॅग उंबरा ओलांडून लाहुरेदाइंच्या पडवीत गेली. यमकलाबाईंनी बजावलं, आता माणूस गेल्याशिवाय प्रस्थान घरात परत घ्यायचं नाही, घेतलं तर काम मोडतं. तो सोमवार सरांनी चष्म्याविना काढला. चहात मीठ घातलं आणि हेडसरांच्या बायकोला हेडसर समजून रजेचा अर्ज दिला, पण उमेद सोडली नाही.

मंगळवारी सकाळी दाराशी पाण्याचे दोन कलश फुलं घालून मांडले होते. सरांनी दही खाल्लं, टिळा लावून घेतला, डोक्यावर टोपी घातली आणि पायजमा-गंजीवर बाहेर पडले. कोट लाहुरेदाइंच्या पडवीत चढवायचा होता ना!

पडवी रिकामी होती. दाराला कुलूप.

कोपऱ्यात लाहुरेदाइंची म्हातारी आई उन्हात बसली होती. ती म्हणाली की पुतण्याचं वऱ्हाड आत्ताच बसने गेलं. पोरांनी पडवीतलं सगळं सामान टपावर चढवलं. लाल बॅगसुद्धा. तिला वाटलं नवरीच्या साड्या असतील.

सर घरी वळणार, तोच अंगणातून यमकलाबाई ओरडल्या, "मागे फिरायचं नाही! पाऊल बाहेर पडलंय." झालं. घरातला जुना सदरा चार हातांवर दोरीला लोंबत होता, पण तिथवर जायची सोय उरली नाही. तेवढ्यात दूध डेरीवाला मोटारसायकल घेऊन आला. सर दोन कॅनच्या मधे बसले आणि म्हणाले, "पुलाकडे. जेवढी जोरात पळेल तेवढी."

वऱ्हाड पुलावर सापडलं. नवरदेव नदीची पूजा करत होता, सनई-नगाऱ्यांचा पंचेबाजा वाजत होता आणि वऱ्हाडी नाचत होते. लाहुरेदाइंनी सरांना बघितलं आणि त्यांना आनंदाचं भरतं आलं. मास्तर अखेर लग्नाला आले! त्यांनी सरांच्या तोंडाला मूठभर लाल अबीर फासला, कुणी गळ्यात माळ घातली, कुणी दोन्ही हात धरून गोल फिरवलं. सर बॅग, बॅग म्हणत होते आणि सनईवाल्याला वाटत होतं त्यांना चाल आवडली.

शेवटी लाहुरेदाइंच्या ध्यानात आलं. त्यांनी टपाकडे बघितलं. लाल बॅग सगळ्यांत खाली होती. तिच्यावर गाद्या, गाद्यांवर भांडी, आणि भांड्यांवर बांधलेला बोकड, तोही सकाळपासून चिडलेला.

"दोर सोडायला तास लागेल मास्तर. नवरीकडची साइत टळेल," ते म्हणाले. "तुमच्या साइतीसाठी नवरदेवाची साइत मोडायची का? तुम्हीच सांगा, तुम्ही ब्राह्मण आहात."

ब्राह्मणाने मान डोलावली. बस गेली. बोकडाने मागे वळून बघितलं.

इकडे शाळेत सगळा गाव जमला होता. बाकांवर पालक, त्यांच्यात यमकलाबाई डोक्यावरून शाल घेऊन, मागे हेडसर, आणि खुर्चीत हाकिमसाहेब. वाळकुडा माणूस, गळ्याला मफलर, चेहरा कायम पोट दुखत असल्यासारखा. त्यांनी घड्याळ बघितलं आणि दारातून लीलाबल्लभ सर आत आले. पायजमा, गंजी, गळ्यात झेंडूची माळ, आणि टोपीपासून हनुवटीपर्यंत लालभडक.

सर फळ्यापाशी उभे राहिले. तक्ते नाहीत. छडी नाही. पुस्तक उघडलं तर चष्म्याशिवाय सगळ्या पानांवर मुंग्या. डोळ्यांसमोर धुरीखर्क दिसायला लागलं, बर्फाच्या बादलीसकट. हेडसरांनी कपाळाला हात लावला.

पहिल्या बाकावर चहावाल्याची निरुता बसली होती. तिला राहवलं नाही. "सर, तुमचा कोट कुठंय?" तिने विचारलं.

सरांच्या अंगात तो महिनाभराचा हट्ट एकदम उभा राहिला. "इंग्रजीत विचार," ते म्हणाले.

निरुता उठून उभी राहिली. "सर, व्हेअर इज युवर कोट?"

"माय कोट इज इन द बॅग."

"व्हेअर इज द बॅग?" दुसऱ्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"द बॅग इज ऑन द बस."

मग काय विचारता! अख्ख्या वर्गाला एकच कुतूहल, आणि ते भागवायची वाट एकच, इंग्रजी. कधी तोंड न उघडणारी पोरं हात वर करायला लागली. बस कुठे आहे, नवरदेव हसतोय का, बोकड बॅग खातोय का. द गोट इज ईटिंग? नो, द गोट इज सिटिंग. व्हाय आर यू रेड? आय ॲम रेड बिकॉज दे आर हॅपी. आर यू सॅड, सर? सरांनी गळ्यातली माळ सरळ केली. मग म्हणाले, "आय ॲम नॉट सॅड. आय ॲम टीचिंग." आणि हे म्हणताना त्यांचा आवाज जरा ओला झाला, कारण ते खरंच होतं.

"इज गुरुआमा अँग्री?" निरुताने विचारलं. सगळ्यांच्या माना यमकलाबाईंकडे वळल्या. सरांनीही डोळे बारीक करून बघितलं. चष्मा नव्हता, तरी एवढं दिसत होतं.

"व्हेरी," सर म्हणाले.

पालक खो खो हसले. आणि त्या हशात एका पोराने खुर्चीकडे बोट करून विचारलं, "सर, हू इज ही?"

साक्षात हाकिम समोर बसलेले, आणि त्यांना तोंडावर 'इज' म्हणायचं, म्हशीचं क्रियापद! 'आर' जिभेच्या टोकावर आलं होतं. पण 'आर' म्हणजे चूक, चूक म्हणजे धुरीखर्क. सरांनी दोन्ही हात जोडले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "ही इज अवर हाकिमसाहेब." पुन्हा नमस्कार. "ही इज सिटिंग." पुन्हा नमस्कार, आणखी खोल. "ही इज लुकिंग ॲट मी."

पोरांना वाटलं, हे असंच म्हणायचं असतं. सगळा वर्ग उठून हात जोडून एका सुरात म्हणाला, "ही इज सिटिंग!" आणि वाकला. "ही इज लुकिंग!" आणि वाकला. हाकिमसाहेबांना आयुष्यात एवढे नमस्कार कुणी केले नव्हते. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, मफलर सैल झाला, आणि ते हसले.

"ही इज लाफिंग!" निरुता ओरडली आणि नमस्कार केला.

पाठ संपल्यावर हाकिमसाहेबांनी सरांचा हात हातात घेऊन विचारलं, कोटाचा प्रसंग रचून पोरांना बोलतं करायचं आणि 'ॲम'ला नाही, 'आर'ला नाही, फक्त 'इज'ला हात जोडायला लावायचे, म्हणजे रूप कायमचं ध्यानात राहतं, ही पद्धत कुठल्या प्रशिक्षणात शिकलात? सर म्हणाले, घरीच. त्या दिवसापासून आमच्या शाळेत हाच नियम झाला, आणि आजही आमच्या गावची पोरं 'द डॉग इज बार्किंग' म्हणताना कुत्र्याला नमस्कार करतात.

मग हाकिमसाहेब भाषणाला उभे राहिले. शाळा टिकणार, म्हणाले. टाळ्या. इंग्रजी माध्यमाला मंजुरी, म्हणाले. आणखी टाळ्या. दोन पालकांनी तिथल्या तिथे पिवळ्या गाडीतून पोरं काढायचं कबूल केलं. हेडसरांनी लीलाबल्लभ सरांना मिठी मारून स्वतःचा सदरा लाल करून घेतला. सरांनी टोपी नीट बसवली. जिंकलो, म्हणाले मनात. संत्री, म्हैस, अंगण, सगळं जागच्या जागी.

"आता हेडसर स्वतः इथला वर्ग सांभाळू शकतील, त्यांनी पद्धत बघितलीच आहे," हाकिमसाहेब पुढे म्हणाले. "असा हिरा एका गावात अडकून पडणं मात्र अन्यायाचं होईल. जिथे इंग्रजीचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नाही, तिथे याची गरज आहे. तेव्हा पौडेल सरांना सन्मानाने, दोन वर्षांसाठी, मी धुरीखर्कला पाठवत आहे."

सगळ्यांत जोरात टाळ्या याला पडल्या. गळ्यातली माळ आधीच होती, त्यामुळे दुसरी आणायचा खर्चही वाचला.

सर घरी निघाले. यमकलाबाई सोबत चालत होत्या. त्या म्हणाल्या, प्रस्थान हे लांबच्या प्रवासाचंच असतं, हे तुम्हीच मला सांगत होता, मीच ऐकलं नाही. साइत काही वाया जात नाही. बॅग निघाली म्हणजे माणूस निघणारच.

गुरुवारी वऱ्हाड परतलं. लाहुरेदाइ लाल बॅग खांद्यावर घेऊन आले. बोकडाने तिचा एक कान खाल्ला होता, बाकी सुखरूप होती. ते अंगणात पाय टाकणार, एवढ्यात यमकलाबाई झाडू घेऊन आडव्या झाल्या. प्रस्थान घरात घ्यायचं नाही. थेट वर धुरीखर्कला जाऊ दे.

सरांनी तिथेच कुंपणापाशी बॅग उघडली, चष्मा काढला आणि डोळ्यांना लावला. तीन दिवसांनी त्यांना सगळं स्वच्छ दिसलं. संत्र्यांनी वाकलेली झाडं दिसली. रवंथ करणारी म्हैस दिसली. आणि दारात उभी असलेली यमकला दिसली. आपल्या भाषेत विचारायचा धीर होईना, म्हणून त्यांनी दुसरीत विचारलं.

"आय ॲम गोइंग," ते म्हणाले. "आर यू कमिंग?"

महिनाभर चुलीपाशी बसून यमकलाबाईंनी जे ऐकलं होतं, ते फुकट गेलं नव्हतं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, पदराने हात पुसले आणि एकही चूक न करता उत्तर दिलं.

"यू आर गोइंग. आय ॲम नॉट."